तक्रारीचा पत्ता

शिवाजी पार्कातल्या एखाद्या मंडळाची स्मरणिका लिब्रेऑफिसमध्ये जुळवली जाते आहे, असं समजू. चार लेखकांनी आपापल्या घरी टंकलेले लेख एका फाइलीत आणले आहेत. संपादकाला ‘दुसऱ्या’ हा शब्द जिथे जिथे आला आहे ती सगळी ठिकाणं तपासायची आहेत, म्हणून तो शोधाच्या चौकटीत शब्द टाकतो. दोन लेखांत तो सापडतो, उरलेल्या दोन लेखांत सापडत नाही. तिथे तो डोळ्यांना स्वच्छ दिसतो आहे, अक्षर न् अक्षर तेच आहे, आणि तरी संगणक म्हणतो की असा शब्दच नाही.

‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांतला मराठीचा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ०९३१ क्रमांकाचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्या प्रकारात ०९३० क्रमांकाचा साधा र, मग हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, आणि त्यानंतर य. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ ला स्वतंत्र जागा आहे, त्यामुळे तिथून पहिला प्रकार सहज येतो. उच्चाराप्रमाणे टंकायच्या काही साधनांतून दुसरा येतो. फाँट दोन्हींचं चित्र एकच काढतो. पण आत साठवलेल्या अक्षरांच्या माळा वेगळ्या असतात, आणि युनिकोडच्या समानतेच्या नियमांत त्या एकमेकींच्या बरोबर धरलेल्या नाहीत. शोधणाऱ्या प्रोग्रॅमने मुद्दाम सोय केली नसेल, तर एक टाकून दुसरी मिळणार नाही.

लिब्रेऑफिस मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्याची बगझिला, म्हणजे दोषांची नोंदवही, कुणालाही खुली आहे. आपला संपादक तिथे जातो. अर्जात विचारलेलं असतं: घटक कोणता? यादीत रायटर, कॅल्क, इम्प्रेस, बेस, लिंग्विस्टिक, लोकलायझेशन, यूआय, ग्राफिक्स स्टॅक अशी नावं आहेत. तक्रार मराठीची आहे म्हणून लोकलायझेशन निवडावं? शब्दाशी संबंध आहे म्हणून लिंग्विस्टिक? की रायटरमध्ये घडलं म्हणून रायटर? लोकलायझेशन हा घटक मुख्यतः अनुवादाच्या कामासाठी आहे; तिथली मंडळी मेनूतल्या शब्दांची भाषांतरं सांभाळतात. लिंग्विस्टिक शुद्धलेखन तपासणी, शब्दकोश अशा गोष्टींचं. दोन्हींपैकी कुणीही शोधाच्या कोडला हात लावत नाही. तक्रार तिथे पडली तर ती चांगल्या माणसांच्या हाती पडेल, पण ज्यांना ती सोडवता येत नाही अशा माणसांच्या.

शिवाजी पार्कच्या रहिवाशांना ही अडचण वेगळ्या रूपात चांगली ओळखीची आहे. सुमारे २८ एकरांच्या या मैदानातली लाल माती उडून घरात येते, ही तिथली काही वर्षांची तक्रार आहे. खिडकीतल्या माणसाला दिसते ती धूळ. पण धूळ नावाचं खातं कुठे नसतं. मैदानाची देखभाल, माती, पाणी, हिरवळ हे महापालिकेच्या जी उत्तर विभागाकडे. हवेच्या प्रदूषणावर बोलण्याचा अधिकार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला. मातीचं काय करावं यासाठी सल्ला आयआयटी मुंबईतल्या तज्ज्ञांचा. आणि त्याच खिडकीतून येणारा लाउडस्पीकरचा आवाज पुन्हा निराळ्या वाटेने जातो, कारण २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने मैदानाला शांतता क्षेत्र ठरवलं. त्रास एका खिडकीत होतो आणि त्याची दुरुस्ती तीन-चार टेबलांवर विभागलेली असते. रहिवाशाने टेबलं पाठ करावीत ही अपेक्षा रास्त नाही. ज्याला त्रास होतो त्याने जे दिसलं ते सांगावं, आणि ते योग्य टेबलावर नेण्याची जबाबदारी व्यवस्थेने घ्यावी. बग ट्रॅकरची वर्गवारी आखताना मी हीच कसोटी लावते.

सॉफ्टवेअरच्या जगात ही व्यवस्था घडायला वेळ लागला. ग्नू प्रकल्पाचा ग्नॅट्स हा ट्रॅकर १९९२ चा. डेबियन या लिनक्स वितरणाची नोंदवही १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ईमेलवर चालते, आजही. १९९८ साली टेरी वीसमन यांनी मोझिलासाठी बगझिला लिहिली आणि तिची मांडणी पुढे असंख्य प्रकल्पांनी उचलली: आधी उत्पादन, त्याच्या पोटात घटक, मग आवृत्ती, मग गंभीरता, मग प्राधान्य. या मांडणीतली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नवा घटक तयार करताना बगझिला त्याचं नाव आणि वर्णन विचारते, आणि त्याबरोबर हेही विचारते की या घटकात आलेली तक्रार आपोआप कुणाच्या नावावर पडेल. म्हणजे घटक ही विषयसूचीतली नोंद नव्हे. त्यामागे एक माणूस असायला हवा, जो ती यादी उघडून वाचतो.

माणूस नसला तर काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण लिनक्स कर्नेलचं. कर्नेलची स्वतःची बगझिला आहे आणि तिच्यात उपविभागांची ऐसपैस यादी आहे. पण बहुतेक उपविभागांचे मेंटेनर, म्हणजे ते भाग सांभाळणारे, तिच्याकडे पाहत नाहीत, हे कर्नेलच्या अधिकृत कागदपत्रांतच लिहिलेलं आहे. तक्रार करणाऱ्याला सांगितलं जातं की ‘मेंटेनर्स’ नावाची फाइल उघडा, तुमचा दोष ज्या कोडमध्ये असावा असं वाटतं त्याच्यापुढे कुणाचं नाव आणि कोणता पत्ता दिला आहे ते बघा, आणि तिथे ईमेल पाठवा. त्या फाइलीत कोडच्या वाटांपुढे माणसांची नावं आहेत. दिसायला ओबडधोबड, पण ती चालते. वर्गवारी देखणी असूनही बगझिला चालत नाही. नव्या प्रकल्पाने घटकांची यादी लिहिताना प्रत्येक नावापुढे एक माणूस लिहून पाहावा. ज्याच्यापुढे नाव सुचत नाही तो घटक अजून वेगळा करायची वेळ आलेली नाही.

मोझिलाच्या फायरफॉक्स ब्राउझरकडे पाहिलं की याच विचाराची परिपक्व अवस्था दिसते. फायरफॉक्स मराठीत उपलब्ध आहे, त्यामुळे तीन मराठी तक्रारी घेऊन त्या कुठे जातात ते बघता येतं. मेनूतला एखादा मराठी शब्द चुकीचा आहे: ही तक्रार ‘मोझिला लोकलायझेशन्स’ या उत्पादनाखालच्या ‘एमआर / मराठी’ या घटकात जाते, म्हणजे मराठी अनुवादकांकडे. एखादं जोडाक्षर पडद्यावर फुटतंय: ही ‘कोअर’ या उत्पादनाखाली, मजकूर आणि फाँट सांभाळणाऱ्या घटकात. पानावर डोळ्यांसमोर असलेला शब्द शोधला तर मिळत नाही: हीसुद्धा ‘कोअर’मध्येच, पण ‘फाइंड बॅकएंड’ नावाच्या वेगळ्या घटकात. तिन्ही तक्रारी मराठीच्या, तिन्ही करणारा माणूस कदाचित एकच, आणि तीन वेगळ्या हातांची कामं. यातलं काहीच माहीत नसलेल्यासाठी ‘अनट्राएज्ड’ नावाचा एक घटक मुद्दाम ठेवलेला आहे. काही कळत नसेल तर इथे टाका, आम्ही लावू जागेवर. २०१९ पासून मोझिला या ढिगातल्या तक्रारींना घटक सुचवायला ‘बगबग’ हे यंत्रशिक्षणाचं साधनही वापरते. आधीच्या वर्षांत माणसांनी हाताने लावलेल्या तक्रारी वाचून ते शिकलं.

चौथी तक्रार याहून अवघड आहे. मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीतल्या वळणाहून वेगळं असतं, आणि २००९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने आपलं वळण अधिकृतही केलं. अनेक देवनागरी फाँटांत दोन्ही रूपं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तर फाँट मराठी रूप देतो, नाहीतर दुसरं. आता एखाद्या पानावर मराठी मजकुरात हिंदी वळणाचा ल आला तर दोष कुणाचा? फाँटमध्ये मराठी रूपच नसेल. असेल, पण ब्राउझर भाषेची खूण फाँटपर्यंत पोचवत नसेल. दोघंही बरोबर असतील आणि पान बनवणाऱ्याने हा मजकूर मराठी आहे असं कुठे लिहिलंच नसेल. फाँट मुंबईच्या एक टाईप या समूहाच्या ‘मुक्ता’सारखा मुक्त परवान्याचा असेल तर त्याची तक्रार फाँटच्या भांडारात जाईल, ब्राउझरची मोझिलाकडे, आणि तिसऱ्या शक्यतेत सॉफ्टवेअरचा दोष नाहीच. अशा वेळी तक्रारकर्त्याकडून घटकाचं नाव काढून घेण्यात अर्थ नसतो. त्याला विचारावं: कोणता फाँट, कोणतं पान, दुसऱ्या ब्राउझरमध्ये काय दिसतं? ही उत्तरं त्याच्याकडे असतात, आणि छाननी करणाऱ्याला तीच हवी असतात.

स्मरणिकेच्या संपादकाची तक्रारही तशीच लिहिली जाऊ शकते. ‘मराठी शोध नीट चालत नाही’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला पुढे जाता येत नाही. त्याऐवजी शीर्षकात लिहावं: ‘ऱ + हलन्त + य टाकून शोधलं असता र + हलन्त + जोडचिन्ह + य असा लिहिलेला शब्द सापडत नाही.’ खाली आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम. सोबत दोनच ओळींची फाइल, एका ओळीत एक रूप, दुसरीत दुसरं. काय व्हावं अशी अपेक्षा होती आणि काय झालं, हे दोन वाक्यांत. देवनागरी न वाचता येणारा माणूसही ही फाइल उघडून दोष डोळ्यांनी पाहू शकतो. मग घटक रायटर लिहिलेला असो की लोकलायझेशन, छाननी करणारा तो बदलायला काही क्षण घेतो. मजकूर भक्कम असेल तर चुकीचा घटक निभतो. उलटं कधीच होत नाही.

आता वर्गवारीतल्या एका जुन्या घोटाळ्याविषयी, कारण तो अजूनही नव्या प्रकल्पांत जसाच्या तसा उतरतो. एका तक्रारीविषयी निदान पाच वेगळे प्रश्न असतात: दोष कुठे आहे, कुठल्या प्रकारचा आहे, त्याने नुकसान किती होतं, तो कधी हातात घ्यायचा, आणि आत्ता तो कुठल्या टप्प्यावर आहे. या पाचांची उत्तरं एकमेकांवर अवलंबून नसतात, म्हणून त्यांना पाच रकाने लागतात. बगझिलाच्या मूळ मांडणीत गंभीरतेची उतरंड अशी होती: ब्लॉकर, क्रिटिकल, मेजर, नॉर्मल, मायनर, ट्रिव्हियल, आणि सगळ्यात खाली एन्हान्समेंट. पहिली सहा नावं नुकसान मोजतात. सातवं प्रकार सांगतं: हा दोष नाही, नवी मागणी आहे. परिणाम असा, की एखादी मागणी शेकडो लोकांची असली तरी ती यादीत ‘क्षुल्लक’च्याही खाली बसते. डेबियनच्या उतरंडीतही तळाला ‘विशलिस्ट’ आहे, तोच प्रकार. मोझिलाने २०१९ मध्ये प्रकाराचा रकाना वेगळा केला, दोष, सुधारणा आणि काम असे तीन पर्याय दिले, आणि पुढच्या वर्षी गंभीरतेचे एस१ ते एस४ असे चारच टप्पे ठेवले. वीस वर्षं चाललेली मांडणी बदलणं सोपं नसतं. त्यांनी ते केलं याचं मला कौतुक वाटतं.

गंभीरता आणि प्राधान्य यांतला फरकही असाच पुसला जातो. गंभीरता म्हणजे वापरणाऱ्याचं झालेलं नुकसान. ती वस्तुस्थिती आहे आणि तक्रारकर्ता तिच्याविषयी बोलू शकतो. प्राधान्य म्हणजे काम करणाऱ्यांचा निर्णय: आमच्याकडे इतके हात आहेत, त्यातून हे आधी, ते नंतर. तो तक्रारकर्त्याच्या हाती दिला की यादीतल्या सगळ्याच नोंदी तातडीच्या होतात आणि रकाना निरुपयोगी होतो. डेबियनने गंभीरतेला परिणाम जोडून हा गोंधळ बराच टाळला आहे. तिथले वरचे तीन टप्पे, क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस, प्रकाशन अडवणारे धरले जातात. असे दोष बाकी असतील तर नवी आवृत्ती बाहेर पडत नाही, किंवा ते पॅकेज त्यातून वगळलं जातं. शब्दाचा परिणाम ठरलेला असला की लोक तो जपून वापरतात. आणि इथे अनुवादाच्या तक्रारींविषयी एक आग्रह. अनुवादातली चूक म्हटली की ती सवयीने ‘ट्रिव्हियल’मध्ये टाकली जाते. ‘जतन करा’मधली वेलांटी चुकली तर ते ठीकच आहे. पण फाइल पुसू का असं विचारणाऱ्या चौकटीत ‘होय’ आणि ‘रद्द’ यांचा अर्थ उलटा लागत असेल, तर मराठी वापरणाऱ्याची फाइल जाते. तो दोष माहिती नष्ट करणारा आहे, मग तो एका शब्दाच्या दुरुस्तीने का सुटेना. गंभीरता दुरुस्तीच्या कष्टावरून ठरत नाही.

काही रकाने मात्र काळानुसार आपलं वजन गमावतात. लिब्रेऑफिसमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा रकाना एके काळी देवनागरीच्या तक्रारींत फार बोलका होता. अक्षरं जुळवण्याचं काम तेव्हा लिनक्सवर हार्फबझ, विंडोजवर युनिस्क्राइब आणि मॅकवर कोअर टेक्स्ट अशी तीन वेगळी यंत्रं करत. जोडाक्षर विंडोजवर फुटतं आणि लिनक्सवर नाही, एवढ्यावरून दोष कुठल्या यंत्राशी आहे याचा अंदाज यायचा. २०१७ च्या सुरुवातीला आलेल्या ५.३ या आवृत्तीत सगळीकडे हार्फबझच वापरायला सुरुवात झाली. तेव्हापासून अशा तक्रारीत ऑपरेटिंग सिस्टिम पूर्वीइतकं सांगत नाही. फाँट कोणता आणि हार्फबझची आवृत्ती कोणती हे जास्त सांगतं. त्याउलट आवृत्तीचा रकाना लिब्रेऑफिसने फार हुशारीने वापरला आहे. तुम्ही आज कोणती आवृत्ती वापरता हे तिथे लिहायचं नसतं. हा दोष सर्वांत जुन्या कुठल्या आवृत्तीत दिसतो ते लिहायचं असतं. त्यातून लगेच कळतं की आधी नीट चालत होतं आणि मधे बिघडलं, की मुळापासून असंच आहे. बिघडलं असेल तर ‘रिग्रेशन’ हा खुणेचा शब्द लागतो, आणि मग कोड लिहिता न येणारे स्वयंसेवकसुद्धा जुन्या तयार आवृत्त्या एकामागून एक चालवून नेमका कुठल्या बदलाने घात केला ते हुडकून काढतात. एका रकान्याची व्याख्या नेमकी केल्याने कामाचा एक अख्खा हिस्सा प्रोग्रॅमर नसलेल्यांना करता येऊ लागला.

छोटे प्रकल्प बहुधा गिटहबवर असतात आणि तिथे रकाने कमी, लेबलं जास्त. नवं भांडार उघडलं की नऊ लेबलं आयती मिळतात: बग, डॉक्युमेंटेशन, एन्हान्समेंट, क्वेश्चन, डुप्लिकेट, इनव्हॅलिड, वोंटफिक्स, हेल्प वाँटेड, गुड फर्स्ट इश्यू. पहिली चार प्रकार सांगतात, पुढची तीन निकाल सांगतात, शेवटची दोन मदतनिसांना बोलावतात. दोष कुठे आहे हे सांगणारं त्यांत एकही नाही, आणि ते साहजिक आहे, कारण तुमच्या प्रकल्पाचे भाग गिटहबला ठाऊक नसतात. ते काम तुमचं. मोठ्या प्रकल्पांनी लेबलांना उपसर्ग लावून जुने रकाने परत आणले आहेत. कुबरनेटीसमध्ये ‘काइंड/’, ‘एरिया/’, ‘प्रायॉरिटी/’ अशी सुरुवात असते, आणि ‘सिग/’ने सुरू होणारं लेबल थेट माणसांच्या कार्यगटाचं नाव सांगतं. उपसर्गामुळे एक साधी शिस्त येते: प्रत्येक नोंदीला ‘काइंड/’ एकच हवं, ‘एरिया/’ दोन चालतील. लेबलं कितीही लावता येतात, म्हणून हा नियम लिहून ठेवावा लागतो.

मराठी कळफलक, शब्दकोश किंवा फाँट असा लहानसा प्रकल्प चालवणाऱ्यांनी सुरुवात कुठून करावी? माझं मत: आधी वर्गवारी करूच नये. पहिल्या तक्रारी तशाच साठू द्याव्यात. पाच-सहा डझन झाल्या की एका बैठकीत सगळ्या वाचाव्यात आणि प्रत्येकीपुढे एवढंच लिहावं: ही कुणी सोडवली, किंवा कुणी सोडवायला हवी? त्यातून जे गट आपोआप पडतात तेच घटक. कळफलकाच्या प्रकल्पात बहुधा दिसेल की कळींची मांडणी ठरवणारा माणूस वेगळा, अँड्रॉइडवरचं ॲप सांभाळणारा वेगळा आणि शब्द सुचवणारी यादी सांभाळणारा वेगळा. झाले तीन घटक, आणि चौथा ‘अजून लावलेलं नाही’. एका गटाचं काम दोन निराळ्या माणसांत वाटलं गेलं की तो गट तोडावा. एखाद्या गटातल्या तक्रारी बराच काळ कुणी उघडल्याच नाहीत तर तो शेजारच्यात मिळवावा. नावं तक्रारकर्त्यांच्या शब्दांतून घ्यावीत. ‘रेंडरिंग’ म्हणण्यापेक्षा ‘अक्षर चुकीचं दिसतं’ हे जास्त लोकांना कळेल, आणि प्रोग्रॅमरलाही कळेलच.

राहिला प्रश्न भाषेचा, जो मला या विषयात सर्वांत जवळचा आहे. ‘मराठी’ हा घटक असावा का?

दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिलं तर अनुवादापुरता असावा, बाकी नसावा. शोध, मुद्रण, जोडाक्षरं, अकारविल्हे लावणं या सगळ्यांचं कोड वेगवेगळ्या माणसांकडे असतं, आणि त्यांच्यापैकी क्वचितच कुणी मराठी असतं. मराठीच्या सगळ्या तक्रारी एका मराठी घटकात कोंडल्या तर अनुवादक त्यांच्याकडे हताशपणे पाहत बसतील आणि ज्यांना त्या सोडवता येतात त्यांच्या नजरेला त्या पडणार नाहीत. म्हणून फाइंड बॅकएंडची तक्रार फाइंड बॅकएंडमध्येच हवी.

पण एवढ्यावर थांबलं तर दुसरं नुकसान होतं. तक्रारी आठ-दहा घटकांत पांगतात, प्रत्येक घटकात त्या शेकडोंमधली एक असतात, आणि या सॉफ्टवेअरमध्ये मराठीची एकंदर स्थिती काय आहे हे कुणालाच दिसत नाही. ‘ऱ्य’ शोधात सापडत नाही, तोच शुद्धलेखन तपासणीत चुकीचा ठरतो, तोच अकारविल्हे यादीत भलत्या जागी जातो: तीन घटक, तीन नोंदी, आणि मुळाशी एकच गोष्ट, की दोन रूपं एक मानलेली नाहीत. ॲ या अक्षराचंही तसंच. ०९७२ क्रमांकाचं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या मजकुरात, आणि जुन्या सवयीने नंतरच्याही, अ वर चंद्र देऊन ते लिहिलेलं सापडतं. ‘ॲप’ आणि ‘ॲक्टर’ दोन प्रकारे साठवलेले असतात आणि प्रत्येक प्रोग्रॅम त्यावर आपापल्या जागी अडखळतो. या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या तरच कुणाच्या तरी लक्षात येईल की दुरुस्ती एका पायरीने वर, सगळ्यांनी वापरायच्या सामाईक भागात करायला हवी.

यासाठी घटकाबरोबर आडवी जाणारी एक खूण लागते. गिटहबवर ते ‘भाषा/मराठी’ असं लेबल असू शकतं. बगझिलात खुणेचे शब्द असतात, आणि लिब्रेऑफिसमध्ये ‘मेटा’ नोंदींची चांगली प्रथा आहे: एक नोंद अशी, जिच्यात स्वतःचा दोष काहीच नाही, फक्त एका विषयाच्या सगळ्या नोंदी तिला बांधलेल्या. घटक सांगतो कुणी दुरुस्त करायचं. मेटा नोंद सांगते कुणाला त्रास होतोय आणि किती. दोन्ही एकाच रकान्यात बसवायचा हट्ट धरला की एक तरी हरवतं. शिवाजी पार्कच्या मैदानाविषयी माती, हवा आणि आवाज अशा तिन्ही टेबलांवरच्या अर्जांची एकत्र यादी कुणीतरी ठेवल्याशिवाय त्या परिसराचं चित्र उभं राहत नाही, तसंच हे. आणि ही आडवी यादी ठेवायला प्रोग्रॅमिंग लागत नाही. मराठी वाचता येणारा, नेमाने लक्ष घालणारा एक माणूस पुरतो. आपल्याकडे अशी माणसं भरपूर आहेत. या कामाकडे ती फार कमी वळली आहेत.

नोंद बंद करतानाचे शब्दही वर्गवारीचाच भाग आहेत आणि तिथे जपून वागावं लागतं, कारण समोर ज्याने वेळ खर्च करून लिहिलं तो माणूस असतो. बगझिलाचे जुने निकाल ठरलेले आहेत: फिक्स्ड, इनव्हॅलिड, वोंटफिक्स, डुप्लिकेट, वर्क्सफॉरमी. लिब्रेऑफिसने ‘इनव्हॅलिड’ऐवजी ‘नॉटअबग’ आणि ‘नॉटअवरबग’ असे वेगळे निकाल केले. दुसऱ्याचा अर्थ: दोष खरा आहे, पण आम्ही वापरतो त्या दुसऱ्याच्या भागात आहे, उदाहरणार्थ हार्फबझमध्ये किंवा फाँटमध्ये. हा फरक करणं गरजेचं आहे, आणि त्याच्या जोडीने तिकडच्या नोंदीचा दुवा द्यायला हवा, नाहीतर ‘आमचं नाही’ एवढंच ऐकून माणूस परत जातो. डेबियनमध्ये यासाठी ‘अपस्ट्रीम’ अशी खूण आहे आणि तक्रार पुढे कुठे पाठवली त्याची नोंद ठेवायची सोयही आहे. ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद झालेल्या नोंदी मात्र टाकाऊ समजू नयेत. त्याच दोषाचं वर्णन लोक किती वेगवेगळ्या शब्दांत करतात, हे फक्त तिथेच दिसतं, आणि पुढचा माणूस त्यातल्या एखाद्या शब्दानेच शोधत येणार असतो.

शेवटी, घटक मेल्यावर त्याचं काय करायचं. प्रकल्प जगतो तेव्हा त्याचे भाग बदलतात. काही काढून टाकले जातात, काही दुसऱ्यात विरघळतात. घटक पुसून टाकणं हा सोपा मार्ग वाटतो, पण त्यातल्या नोंदींचे क्रमांक कोडमध्ये, कागदपत्रांत, इतर प्रकल्पांच्या नोंदींत लिहिलेले असतात. मोझिलाने यासाठी ‘ग्रेव्हयार्ड’ नावाची वेगळी उत्पादनं केली. ‘फायरफॉक्स ग्रेव्हयार्ड’, ‘कोअर ग्रेव्हयार्ड’ यांत निवृत्त घटक हलवले जातात, नव्या तक्रारदाराला ते यादीत दिसत नाहीत, पण जुना क्रमांक टाकला की नोंद उघडते. पायथन भाषेचा ट्रॅकर एप्रिल २०२२ मध्ये गिटहबवर गेला तेव्हा जुनी जागा केवळ वाचण्यासाठी चालू ठेवली आणि प्रत्येक जुन्या नोंदीवरून नव्या नोंदीकडे दुवा दिला. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने २०२१ च्या अखेरीस बगझिला सोडली, तेव्हाही जुन्या क्रमांकांचे दुवे नव्या जागी पोचतील अशी सोय केली. लहान प्रकल्पालाही हे जमतं: लेबलाचं नाव बदलताना जुन्या नोंदींवर ते आपोआप बदलतं ना ते पाहावं, आणि घटक बंद करण्याआधी त्यातली प्रत्येक उघडी नोंद हाताने वाचून दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लावावी.